वेळेत झालेली चाचणी : रक्तातून व लैंगिक संबंधातून पसरणारे आजार आणि लोणी काळभोरचा परिसर

रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंपैकी तीन माणसाला सर्वाधिक छळतात : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी. तिघांच्या वाटा जवळपास सारख्याच. बाधित माणसाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात गेले, बाधित व्यक्तीशी असुरक्षित शरीरसंबंध आला किंवा बाधित आईच्या पोटी मूल जन्मले, तर लागण होऊ शकते. किती सहज होईल, यात मात्र मोठा फरक आहे. वापरलेली सुई नर्सच्या बोटात घुसली आणि तिने लस घेतलेली नसेल, तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. हिपॅटायटिस सीची शक्यता शंभरात दोन-तीन असते आणि एचआयव्हीची हजारात तीन. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात, वस्तऱ्याच्या पात्यावर किंवा दवाखान्याच्या टेबलावर सात दिवस तग धरतो. एचआयव्ही शरीराबाहेर इतका टिकत नाही. लोकांच्या मनातली भीती नेमकी उलट्या क्रमाने आहे. एचआयव्हीच्या नावाने अजूनही घर हादरते आणि हिपॅटायटिस बीचा अहवाल मात्र ‘कावीळच आहे, उतरेल’ म्हणून कपाटात पडून राहतो. या उलट्या क्रमामुळे दोन्हीकडे नुकसान होते.

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांचा पसारा याहून मोठा. त्यांतील सिफिलिस, गोनोऱ्हिया, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनियासिस हे चार औषधाने पूर्ण बरे होतात. नागीण जातीचा जननेंद्रियाचा हर्पिस, एचपीव्ही, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे चार विषाणूजन्य. त्यांना औषधाने आवरता येते किंवा लशीने अडवता येते, पण औषधाने ते शरीरातून सहसा पुरते उखडता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पहिल्या चार बऱ्या होणाऱ्या आजारांची जगभर रोज १० लाखांहून अधिक माणसांना नव्याने लागण होते. गावात हे आजार ‘गरमी’, ‘परमा’ किंवा नुसते ‘गुप्तरोग’ म्हणून ओळखले जातात. बायका ‘अंगावर पांढरे जाते’, ‘ओटीपोटात ओढल्यासारखे होते’ एवढेच सांगतात, तेही विचारल्यावर. या आजारांचा एचआयव्हीशी थेट संबंध आहे. जननेंद्रियावर व्रण असेल तर कातडीचा बांध फुटलेला असतो आणि तिथून एचआयव्हीचा शिरकाव कितीतरी सोपा होतो. म्हणून परम्याचा किंवा गरमीचा वेळेवर केलेला उपचार हा एचआयव्ही रोखण्याचाही उपाय ठरतो.

लोणी काळभोर हे या विषयाचा विचार करण्यासाठी योग्य ठिकाण आहे. पुणे–सोलापूर महामार्गावरचे हे हवेली तालुक्यातले जुने गाव आता शहराच्या कडेला येऊन टेकले आहे. लोणी स्टेशन आणि कदमवाकवस्तीच्या बाजूला तेल कंपन्यांची मोठी साठवणूक केंद्रे आहेत. मुंबईहून येणारी इंधनाची नळवाहिनी इथून पुढे सोलापूरला जाते आणि इथेच भरलेले टँकर दूरदूरच्या पंपांकडे निघतात. टँकरची पाळी लागेपर्यंत ड्रायव्हर आणि क्लीनर तासन् तास थांबलेले असतात. राजबागेत विद्यापीठ आले, त्याबरोबर घरापासून दूर राहणारी हजारो तरुण मुले-मुली आली. बांधकामावर, गोदामांत आणि हॉटेलांत काम करायला मराठवाड्यातून आणि उत्तरेकडून माणसे आली. शेजारच्या थेऊरला यशवंत साखर कारखाना सुरू होता तेव्हा गळिताच्या हंगामात ऊसतोड टोळ्या येत असत. अशी ये-जा जिथे असते तिथे हे आजार हटकून पोहोचतात. याला इथल्या माणसांच्या चारित्र्याशी जोडणे अन्यायाचे आहे. घर सोडून महिनोन् महिने राहावे लागणे, हातात रोख पैसा असणे, दवाखान्यात जायला रजा नसणे आणि आजाराचे नाव काढायची लाज वाटणे, ही कारणे त्यामागे आहेत.

भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या पथकाने दाखवून दिली. तेव्हा बहुतेकांना हा आजार परदेशी वाटत होता. महाराष्ट्र मात्र थोड्याच वर्षांत देशातील सर्वाधिक बाधित राज्यांत गणला जाऊ लागला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि पहिला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी भोसरीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. पुणेकरांना ती ‘नारी’ या छोट्या नावाने ठाऊक आहे, आता तिचे नाव आणि कार्यक्षेत्र दोन्ही विस्तारले आहेत. लोणीपासून भोसरी म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसरे टोक, पण या विषयातल्या दोन मोठ्या गोष्टी जगाला समजल्या त्यात याच संस्थेचा हात होता.

पहिली गोष्ट बायकांविषयी आहे. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये जवळपास निम्म्या बाधित होत्या, हे अपेक्षितच होते. डोळे उघडणारी गोष्ट दुसरीच होती. देहविक्रयाशी काही संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्क्यांना एचआयव्हीची लागण झालेली होती आणि त्यांतील बहुतेकींचा संबंध आयुष्यात फक्त नवऱ्याशीच आला होता. त्यांच्या वागण्यात कुठलीही ‘जोखीम’ नव्हती. त्यांची जोखीम म्हणजे त्यांचे लग्न.

हा निष्कर्ष येऊन आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्याचा अर्थ पुरता पचलेला नाही. सरकारी कार्यक्रमांनी ‘जोखमीचे गट’ ठरवले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर, असे ते गट. साधने मर्यादित असताना ज्यांच्यात लागण जास्त, त्यांच्यापर्यंत आधी पोहोचणे शहाणपणाचेच होते आणि त्याचा फायदाही झाला. पण त्या गटांची नावे भिंतीवरच्या फलकांतून लोकांच्या मनात अशी रुजली, की बाकीच्यांनी स्वतःला त्यातून वगळून टाकले. आपण त्यातले नाही, म्हणून आपल्याला चाचणीची गरज नाही, हा समज गावातल्या सुशिक्षितांतही पक्का आहे. तो समज मोडणे हे आज फलक लावण्याहून मोठे काम आहे.

ट्रकचालकांच्या बाबतीत महामार्गांवर झालेले काम मात्र आठवणीत ठेवण्याजोगे आहे. दिवसभर गाडी चालवणारा माणूस सकाळी नऊ ते एकच्या बाह्यरुग्ण विभागात येऊ शकत नाही, हे ओळखून ट्रक जिथे थांबतात तिथेच संध्याकाळी दवाखाने उघडले गेले. ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया फाउंडेशनने ‘आवाहन’ प्रकल्पांतर्गत महामार्गांवर ‘खुशी क्लिनिक’ चालवली. तिथे परम्याचे औषध मिळे, निरोध मिळे आणि चालकांपैकीच कोणीतरी आपल्या भाषेत समजावून सांगे. जिथे साठवणूक केंद्राच्या फाटकाबाहेर टँकरची रांग असते, तिथे आजही हीच पद्धत लागू पडते. सेवा माणसाच्या वेळेला आणि जागेला गेली पाहिजे. माणसाने सेवेच्या वेळेला यावे ही अपेक्षा इथे चालत नाही.

निरोधाविषयी जे सांगितले गेले ते कोणी सांगितले, यावर फार अवलंबून असते. सांगलीत १९९२ पासून मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने देहविक्रय करणाऱ्या बायकांनाच कामाच्या केंद्रस्थानी आणले. त्यांनीच एकमेकींना निरोध वाटले, नकार देणाऱ्या गिऱ्हाइकाला एकत्र येऊन परत पाठवले आणि १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही स्वतःची संघटना उभी केली. पुण्यात बुधवार पेठेत ‘सहेली संघ’ या संघटनेने त्याच वाटेने काम केले. या अनुभवातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. एकटी बाई निरोधाचा आग्रह धरू शकत नाही, पण सगळ्या बायकांनी मिळून ठरवलेला नियम गिऱ्हाइकाला मोडता येत नाही. घरातल्या बायकोच्या वाट्याला अशी संघटना येत नाही. म्हणून तिच्या बाजूने बोलायला गावातली आशाताई, नर्सबाई आणि नवऱ्याची स्वतःची चाचणी, एवढेच उरते.

भोसरीच्या संस्थेचा सहभाग असलेली दुसरी गोष्ट उपचारांविषयी आहे आणि तिने या आजाराचा सगळा हिशोबच बदलला. नऊ देशांत १,७६३ जोडपी निवडली गेली. प्रत्येकात एक जोडीदार एचआयव्हीबाधित आणि दुसरा निरोगी. पुणे आणि चेन्नई इथली जोडपीही त्यात होती. निम्म्या बाधितांना लगेच औषधे सुरू केली. उरलेल्यांना तेव्हाच्या रीतीप्रमाणे रोगप्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी कमी झाल्यावर. मे २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचे जनुकीय तपासणीने सिद्ध झालेल्या २८ घटनांपैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात होत्या आणि लवकर औषध मिळालेल्या गटात फक्त एक. म्हणजे लवकर उपचार केले की जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढच्या अभ्यासांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. औषधे नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडू नये इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. प्रतिबंध आणि उपचार ही दोन वेगळी कामे आहेत ही जुनी समजूत तिथेच संपली. गोळी घेणारा माणूस स्वतःलाही वाचवतो आणि जोडीदारालाही.

१ एप्रिल २००४ रोजी महाराष्ट्रासह सहा राज्यांत आणि दिल्लीत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, मोफत सुरू झाला. २०१७ पासून धोरण असे आहे, की चाचणी सकारात्मक आली की सीडी-४ कितीही असो, औषध लगेच सुरू करायचे. आता बहुतेक रुग्णांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. दिवसातून एक गोळी, रोज, आयुष्यभर. ससूनसारख्या रुग्णालयांतील एआरटी केंद्रांवर ती मोफत मिळते. वेळेवर सुरू केली आणि चुकवली नाही, तर माणूस निरोगी माणसाइतके आयुष्य जगू शकतो. २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांतील सर्वाधिक, जवळपास चार लाख, महाराष्ट्रात. देशातील वार्षिक नव्या लागणींचे प्रमाण २०१० च्या तुलनेत २०२१ पर्यंत ४६ टक्क्यांनी घटले होते. ही घट आपोआप झालेली नाही. औषधे, निरोध, गर्भवतींची चाचणी आणि सुरक्षित रक्त, या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम आहे.

गर्भवतीच्या चाचणीत तर सर्वाधिक यश हाती लागते. काहीच केले नाही आणि बाळ अंगावर पिऊ लागले, तर एचआयव्हीबाधित आईकडून मुलाला लागण होण्याची शक्यता शंभरात २० ते ४५ असते. आईचा उपचार वेळेत सुरू झाला आणि बाळाला जन्मल्यावर औषध दिले, तर ती शंभरात दोनच्याही खाली आणता येते. एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तिन्हींची चाचणी पहिल्या तिमाहीत, एकाच बोटाच्या रक्तावर होऊ शकते. त्यासाठी बाईने नाव लवकर नोंदवले पाहिजे. ‘दिवस गेले’ हे पाचव्या महिन्यापर्यंत न सांगण्याची रीत, नजर लागेल या भीतीने का होईना, या एका ठिकाणी मुलाच्या जिवावर बेतते.

हिपॅटायटिस बीमध्ये वयाला फार महत्त्व आहे. मोठ्या माणसाला लागण झाली, तर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक जणांच्या शरीरातून विषाणू आपोआप नाहीसा होतो. जन्मताना लागण झालेल्या बाळांपैकी मात्र नव्वद टक्क्यांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. पुढे तीस-चाळीस वर्षे काही कळत नाही आणि मग यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग घेऊन माणूस रुग्णालयात येतो. म्हणून जन्मल्यानंतर २४ तासांच्या आत दिलेला लशीचा पहिला डोस सर्वांत मोलाचा. आई बाधित असेल तर त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट लशीतून मिळतात. ही लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट लोणीपासून दहा-बारा किलोमीटरवर, हडपसरला आहे. तिथली लस जगभर जाते. घरी किंवा लहान प्रसूतिगृहात रविवारी जन्मलेल्या बाळाचा पहिला डोस मात्र ‘सोमवारी बघू’ म्हणून राहतो, आणि लांबणाऱ्या प्रत्येक दिवसाबरोबर त्याचा उपयोग घटत जातो.

मोठ्या माणसाच्या हिपॅटायटिस बीसाठी टेनोफोविर किंवा एंटेकाविर ही औषधे आहेत. ती विषाणू दाबून ठेवतात आणि यकृत वाचवतात. प्रत्येक बाधिताला ती लागत नाहीत, पण दर सहा महिन्यांनी तपासणी प्रत्येकाला लागते. झाडपाल्याचा रस पिऊन किंवा कावीळ उतरवून घेऊन डोळ्यांचा पिवळेपणा गेला, की आजार गेला असे मानण्याची चूक इथे महागात पडते. पिवळेपणा बहुधा आपोआपच जातो, विषाणू आत राहू शकतो. कावीळ कोणत्या प्रकारची हे रक्ततपासणीनेच कळते. दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई ही वेगळी, रक्तातून येणारी बी आणि सी वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजात भारतातील हिपॅटायटिस बीचे बाधित २.९८ कोटी आणि सीचे ५५ लाख आहेत. त्यांतील बहुसंख्यांना आपण बाधित आहोत याची कल्पनाही नाही.

हिपॅटायटिस सीला लस नाही, पण तो बरा होतो, आणि ही वैद्यकशास्त्रातील अलीकडची फार मोठी मजल आहे. सोफॉस्बुविर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्या बारा आठवडे घेतल्या की शंभरातील पंचाण्णवांच्या आसपास रुग्णांच्या शरीरातून विषाणू कायमचा जातो. सिरॉसिस झालेला असेल तर औषधांची जोडणी किंवा मुदत बदलते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींच्या तपासण्या व औषधे मोफत आहेत. डायलिसिसवरचे रुग्ण, वारंवार रक्त घ्यावे लागणारी थॅलेसेमियाची मुले, सुईने नशा केलेले आणि जुन्या काळी रक्त चढवलेले, एवढ्यांनी तरी एकदा सीची चाचणी करून घेतलीच पाहिजे.

रक्त चढवण्याच्या बाबतीत देशाने मोठा पल्ला गाठला आहे. दान केलेल्या रक्ताची एचआयव्हीसाठी चाचणी १९८९ पासून सक्तीची झाली. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकणे बंद झाले. आता प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासली जाते. तरीही लागण झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे चाचणीत काहीच न दिसण्याचा काळ असतो. तो कोणतेही यंत्र पूर्णपणे भरून काढू शकत नाही. म्हणून गणेशोत्सवात किंवा जयंतीला भरणाऱ्या रक्तदान शिबिरात विचारले जाणारे खासगी प्रश्न खरेपणाने उत्तरायचे असतात, आणि स्वतःविषयी शंका असेल तर त्या दिवशी रक्त न देणे हेच मोठे दान असते. आपली चाचणी फुकट होईल म्हणून रक्तदान करणे धोक्याचे आहे. त्यासाठी वेगळी केंद्रे आहेत.

रक्तपेढ्यांत शिस्त आली, तरी इंजेक्शनची सुई अजून पुरती वठणीवर आलेली नाही. ताप आला की ‘सुई टोचा’ आणि अशक्तपणा आला की ‘सलाईन लावा’, हा आग्रह रुग्णाचाच असतो आणि तो मोडायला डॉक्टर धजत नाहीत. त्यातली बरीच इंजेक्शने अनावश्यक असतात, आणि अनावश्यक इंजेक्शन म्हणजे फुकटचा धोका. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात सिरिंजच्या पुनर्वापरातून हिपॅटायटिस बी पसरला, शेकडो लोक बाधित झाले आणि अनेक दगावले. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ भागात एका भोंदू डॉक्टरच्या सुईतून कितीतरी लोकांना एचआयव्ही झाल्याचे उघड झाले. प्रश्न सुईच्या किमतीचा नसतो, ती फार तर काही रुपयांची असते. रुग्णाने सीलबंद पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडायला सांगणे, याइतका साधा पहारा दुसरा नाही. वापरलेली सुई टोपण न लावता कटरने कापून पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकणे हा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचा भाग आहे. ती नेहमीच्या कचऱ्यात गेली तर सफाई कामगाराच्या तळहातात घुसते. न्हाव्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते, जत्रेत गोंदवून घेताना नवी सुई आणि नवी शाई, हाही आग्रह धरण्याजोगा आहे.

लैंगिक आजारांवर सरकारी व्यवस्थेने शोधलेला मार्ग व्यवहारी आहे. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत रुग्ण परत येईलच याची खात्री नसते. म्हणून लक्षणांचा गट पाहून पहिल्याच भेटीत औषध द्यायचे, अशी पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमाने घालून दिली आणि त्या औषधांचे रंगीत संच केले. लघवीच्या जागी पू येत असेल तर करडा संच, त्यात अॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. योनिमार्गाच्या स्रावासाठी हिरवा. व्रणासाठी पांढरा, त्यात बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन. हर्पिससाठी लाल, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळा. अक्षरओळख कमी असलेल्या माणसालाही संचाचा रंग लक्षात राहतो. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांत हे उपचार ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये होतात. या पद्धतीची उणीव अशी, की लक्षणे नसलेला आजार तिच्या जाळ्यातून निसटतो. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काही जाणवतच नाही आणि मूल होत नाही म्हणून तपासणी झाली की काहींच्या गर्भनलिका बंद झालेल्या आढळतात. दुसरी अडचण जोडीदाराची. नवऱ्याने औषध घेतले आणि बायकोला सांगितले नाही, तर आजार पंधरा दिवसांत परत घरात येतो. औषधाच्या दुकानातून अर्धवट गोळ्या घेण्याची सवय तर याहून वाईट. तिच्यामुळे गोनोऱ्हियाने सिप्रोफ्लॉक्सॅसिनला केव्हाच जुमानायचे सोडले आहे.

सिफिलिसला मात्र पेनिसिलिन आजही तितकेच लागू पडते. सुरुवातीच्या टप्प्यात २४ लाख युनिटचे बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूत एकदा दिले, की आजार संपतो. हेच औषध देशात बनावे म्हणून १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. असे स्वस्त औषध हाताशी असताना आईच्या सिफिलिसमुळे पोटातच बाळ जाणे किंवा बाधित बाळ जन्मणे यासारखी टाळता येण्याजोगी हानी दुसरी नाही. इंजेक्शन दुखते, रिअॅक्शनच्या भीतीने काही दवाखाने ते द्यायला टाळतात, आणि तेवढ्यावरून गर्भवतीला दुसरीकडे पाठवले जाते. गर्भवतीला पेनिसिलिनच द्यावे लागते, दुसरे औषध बाळापर्यंत पुरेसे पोहोचत नाही.

सोलापूर रस्ता जिकडे जातो त्याच दिशेला, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्हीविषयी एक जगप्रसिद्ध अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी आणि पुढचे उपचार मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्या बायकांनी त्यासाठी रांगा लावल्या त्या कोरडवाहू शेतीत राबणाऱ्या होत्या. त्यांच्या विश्वासाने जगभरची मार्गदर्शक तत्त्वे बदलली. २०२३ मध्ये हडपसरच्या सीरमची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी एचपीव्ही लस बाजारात आली. नऊ ते चौदा या वयात, कोणताही शरीरसंबंध येण्याआधी दिली तर तिचा उपयोग सर्वाधिक. मुलीला लस दिली म्हणजे तिला मोकळीक दिली, असे मानणाऱ्या पालकांना बार्शीच्या कर्करोग रुग्णालयातल्या रांगा पाहायला मिळाल्या तर त्यांचे मत बदलेल.

कायद्याने या सर्वांना एक भक्कम आधार दिला आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, अहवाल गुप्त ठेवावा लागतो. बाधित आहे म्हणून नोकरीवरून काढणे, शाळेत प्रवेश नाकारणे, उपचार नाकारणे किंवा भाड्याचे घर काढून घेणे बेकायदा आहे. बाधित स्त्रीला सासरच्या सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. कायद्याच्या पुस्तकात हे सगळे असूनही खासगी प्रसूतिगृहाच्या दाराशी बाधित बाईला कधीकधी ‘दुसरीकडे जा’ ऐकावे लागते. अशा वेळी या कायद्याचे नाव घेऊन लेखी कारण मागितले, तर बहुतेक ठिकाणी आवाज खाली येतो. पुण्यात ‘प्रयास’सारख्या संस्थांनी १९९४ पासून अशा रुग्णांना दवाखाना, समुपदेशन आणि आधार दिला, आणि भूगावच्या ‘मानव्य’ने आई-वडील गमावलेल्या बाधित मुलांना घर दिले. हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, एकाच संडासात गेल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी यांपैकी कोणताही विषाणू पसरत नाही, हे इथे पुन्हा स्पष्ट सांगणे भाग आहे.

एक गोष्ट मात्र तासांच्या हिशोबाने लक्षात ठेवायची. वापरलेली सुई टोचली, निरोध फाटला किंवा कुणावर लैंगिक अत्याचार झाला, तर एचआयव्ही रोखणारे औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. ते २८ दिवस घ्यायचे असते. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची, पिळायची नाही, आणि तडक सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचे. रविवार असला, रात्र असली, तरीही. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तीही त्याच वेळी सुरू होते. शंका नुसती जुनी असेल, तर चाचणीची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ससूनपर्यंत मोफत आहे, नाव गुप्त राहते, आणि तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळल्याशिवाय कोणालाही एचआयव्हीबाधित ठरवले जात नाही. कुठे जायचे हे कळत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर मराठीतून विचारता येते. लग्न ठरलेल्यांनी, लग्न होऊन वर्षे झालेल्यांनी आणि आपल्याला काही झालेलेच नाही अशी खात्री असलेल्यांनीही आयुष्यात एकदा एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही विषाणूंची चाचणी करून घ्यावी.